दोन गट पाडताना चिठ्ठ्या टाकाव्यात की जुळवाजुळव करावी?

प्रश्न असा आहे. वाळवा तालुक्यातल्या एका गोठ्यात २४ दुभत्या म्हशी आहेत. त्यांतल्या १२ म्हशींना रोज मिनरल मिक्श्चर (खनिज मिश्रण) द्यायचे, उरलेल्या १२ ना द्यायचे नाही, आणि दोन महिन्यांनी दुधात फरक पडला का ते पाहायचे. चिठ्ठ्या टाकल्या तर एका गटाचे सरासरी दूध दुसऱ्यापेक्षा सव्वा लिटरने जास्त निघाले. ते पटले नाही म्हणून भाच्याकडून एक्सेलच्या सॉल्व्हरने (दिलेल्या अटींत सर्वांत जुळणारे उत्तर शोधून देणारी सोय) गट पाडून घेतले. त्यात दूध, वेत आणि व्यायल्यापासूनचे दिवस, तिन्हींच्या सरासऱ्या अगदी जुळतात. आता कोणते गट घ्यायचे?

दोन्ही आहेत तसे घेऊ नका. जे डोळ्यांना दिसते ते आधी जुळवा आणि त्या जुळणीच्या आत चिठ्ठी टाका. हे कसे करायचे ते पुढे सांगतो, पण त्याआधी कारण समजून घ्या. कारण समजले नाही तर प्रयोगाच्या तिसऱ्या आठवड्यात एखादी म्हैस इकडची तिकडे करायचा मोह होतो.

आधी तुमच्या चिठ्ठीचे पाहू. तिचे काही चुकलेले नाही. म्हशी-म्हशींच्या दुधातला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण २ लिटर धरू. १२-१२ चे गट नुसत्या चिठ्ठीने पाडले तर दोन सरासऱ्यांतला फरक ०.८ लिटरच्या आसपास इकडेतिकडे होणे हे नेहमीचेच. तीनात एकदा तो त्याहून मोठा निघतो, आणि सव्वा लिटरचा फरक साधारण आठात एकदा येतो. मिश्रणाने अर्धा लिटर दूध वाढेल अशी तुमची अपेक्षा आहे. म्हणजे जे मोजायचे त्याहून सुरुवातीचा खड्डाच मोठा. तुम्हाला ते पटले नाही हे बरोबरच आहे. त्यातून काढलेली वाट मात्र चुकली.

सॉल्व्हरच्या गटांची अडचण अशी. २४ म्हशींतून १२ निवडण्याचे २७,०४,१५६ प्रकार आहेत. सॉल्व्हर त्यांतला एक उचलतो आणि उद्या पुन्हा चालवला तरी सहसा तोच किंवा त्याच्या अगदी जवळचा देतो. दोन महिन्यांनी मिश्रणाचा गट ०.६ लिटरने पुढे निघाला, तर पहिला प्रश्न येईल की मिश्रण न देताही हा फरक पडला असता का. चिठ्ठीने गट पाडले असतील तर याचे उत्तर मोजून देता येते: इतर वाटण्या निघाल्या असत्या तर किती वेळा एवढा फरक दिसला असता, हे गणित करून पाहता येते. सॉल्व्हरच्या बाबतीत इतर वाटण्या नाहीतच. कोणत्या गटाला मिश्रण द्यायचे ते नाणे टाकून ठरवले तर पक्षपाताचा आरोप टळतो, हे खरे. पण मग शक्यता दोनच उरतात, आणि दोन शक्यतांवर ‘हा योगायोग नव्हे’ असे ठामपणे सांगता येत नाही. सॉल्व्हरची वाटणी वाईटच असते असे मी म्हणत नाही, कदाचित ती फार चांगली असेल. पण तिच्यातून आलेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, ते मोजायची पट्टी तुम्ही स्वतःहून टाकून दिलेली असते.

दुसरी अडचण जास्त जवळची आहे. सॉल्व्हर सरासऱ्या जुळवतो, म्हशी जुळवत नाही. एका गटात २० दिवसांची आणि १८० दिवसांची अशा दोन म्हशी, दुसऱ्यात १०० दिवसांच्या दोन. सरासरी दोन्हीकडे १००, सॉल्व्हर खूश. पण म्हैस व्यायल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांपर्यंत दूध चढते आणि मग उतरत जाते. २० दिवसांची म्हैस अजून चढणीवर आहे, १८० दिवसांची उतारावर, आणि १०० दिवसांच्या दोन्ही नुकत्या उतरू लागलेल्या. दोन महिन्यांनी हे दोन गट मिश्रणाशिवायही वेगळे दिसतील. आज आठ लिटर देणाऱ्या दोन म्हशी सारख्या नसतात, हे धार काढणाऱ्याला सांगावे लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि न दिसणाऱ्या गोष्टी तर कुठल्याच तक्त्यात नसतात. कुणाच्या एका सडात जुनी दगडी (कासेची सूज) होऊन गेलेली, कुणाला उसाचे वाडे जास्त आवडतात, कुणी माजावर आली की दोन दिवस धार आखडते. या गोष्टी दोन्ही गटांत सारख्या वाटल्या जातीलच याची हमी चिठ्ठीही देत नाही. चिठ्ठी फक्त एवढे करते की त्या कुणाच्या मर्जीने एका बाजूला गोळा होत नाहीत, आणि योगायोगाने किती गोळा होऊ शकतात याचा हिशेब मांडता येतो.

मर्जीचा धोका किती मोठा असतो त्याचे दुधाचेच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरमध्ये २०,००० शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. १०,००० मुलांना चार महिने रोज पाऊण पिंट दूध दिले, १०,००० ना दिले नाही. गट चिठ्ठीने किंवा आडनावाच्या अक्षराने पाडायचे होते. पण एका बाजूला धडधाकट किंवा किरकोळ मुले जास्त आली तर शिक्षकांनी बदल करावेत, अशी मुभा होती. शिक्षकांनी माणुसकीने कुपोषित दिसणारी मुले दुधाच्या गटात घातली. परिणामी दूध न मिळालेली मुले सुरुवातीलाच उंचीने आणि वजनाने सरस होती. शिवाय पहिले वजन फेब्रुवारीत जाड कपड्यांत झाले, शेवटचे जूनमध्ये हलक्या कपड्यांत, आणि गरीब मुलांच्या अंगावर हिवाळ्यातही कपडे कमीच होते. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांनी १९३१ साली हे सगळे उघड केले. याहून फार कमी पैशांत जुळ्या मुलांच्या जोड्या घेऊन त्यांतल्या एकाला नाण्याने दूध दिले असते, तर फार कमी मुलांत जास्त पक्के उत्तर मिळाले असते, असे त्यांचे म्हणणे होते. जोडी जुळवलेली, पण जोडीतला कोण ते नाण्याने. आपल्याला तेच करायचे आहे.

हेच गॉसेट पुढे शेतातल्या प्लॉटच्या मांडणीवरून दुसरे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याशी वाद घालत राहिले. समतोल मांडणीत चूक कमी होते हा गॉसेट यांचा आग्रह, आणि चिठ्ठीशिवाय चूक किती झाली हे प्रामाणिकपणे मोजता येत नाही हा फिशर यांचा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ब्लॉक, म्हणजे एकमेकांशी मिळत्याजुळत्यांचे छोटे गट, पाडून ब्लॉकच्या आत चिठ्ठी टाकायची, ही फिशर यांच्या हाताने रुळलेली पद्धत बहुतेक वेळा दोन्ही गरजा भागवते.

आपल्याकडचा दाखला म्हणजे पीक कापणी प्रयोग: शेतातला छोटा प्लॉट कापून उत्पादनाचा अंदाज काढायचा. पीक विम्यामुळे तो गावोगावी माहीत आहे. कापणीचा प्लॉट शेतात कुठे पाडायचा ते रँडम आकड्यांवरून ठरवतात, माणसाने उभे राहून निवडायचा नसतो. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रणी होते. प्लॉट फार लहान घेतला तर हद्दीवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसते, हेही त्यांनी दाखवून दिले. मुद्दाम फसवणारा कुणी नसतो. माणसाचा हात भरघोस पिकाकडे जातोच.

आता कृती.

गट पाडण्याआधी दहा दिवस प्रत्येक म्हशीचे दोन्ही वेळचे दूध नोंदवा. मापाने नको, काट्यावर वजन करा, कारण फेस फसवतो. एका दिवसाच्या दुधावर गट पाडले तर त्या दिवशी योगायोगाने जास्त दिलेली म्हैस पुढे आपोआप खाली येते आणि तुम्ही ते प्रयोगाच्या माथी मारता. नोंद कानातल्या बिल्ल्याच्या आकड्यावर ठेवा, ‘मोठी शिंगाडी’ आणि ‘बांडी’ अशा नावांवर नको. दगडी चालू असलेल्या आणि प्रयोग संपण्याआधी आटणाऱ्या म्हशी आत्ताच वगळा. चिठ्ठी टाकल्यावर वगळायची सोय ठेवू नका, कारण तेव्हा कोणती म्हैस कुठल्या गटात आहे हे माहीत असते आणि निर्णय त्या बाजूला झुकतो.

मग ब्लॉक. तुमच्या २४ मध्ये ८ पहिलारू (पहिल्या वेताच्या) आणि १६ पुढच्या वेताच्या आहेत, असे तुम्ही पाठवलेल्या तक्त्यावरून दिसते. ८ पहिलारूंचे व्यायल्याच्या दिवसांवरून चार-चारचे दोन ब्लॉक करा. १६ मधल्या आधी दिवसांवरून निम्म्या-निम्म्या करा, ताज्या आणि जुन्या. मग प्रत्येक निम्म्यात दुधावरून वरच्या चार आणि खालच्या चार. असे एकूण सहा ब्लॉक झाले. प्रत्येक ब्लॉकमधल्या चार म्हशी एकमेकींना बऱ्यापैकी जवळच्या.

प्रत्येक ब्लॉकसाठी चार चिठ्ठ्या, दोनवर ‘मिश्रण’, दोनवर ‘साधे’. सारख्या घड्या घालून डब्यात टाका. एकाने बिल्ल्याचा आकडा वाचायचा, दुसऱ्याने चिठ्ठी काढायची. काढणारा म्हशींना ओळखत नसेल तर उत्तम, शेजारचा शाळकरी मुलगा चालेल. निकाल लगेच कागदावर तारखेसह लिहा आणि फोटो काढून ठेवा. एक्सेलमध्ये करणार असाल तर एक खोच लक्षात ठेवा: रँड हे सूत्र शीटमध्ये काहीही बदलले की नवे आकडे देते. आकडे काढल्याबरोबर ते कॉपी करून नुसती मूल्ये म्हणून चिकटवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी फाईल उघडल्यावर गटच बदललेले दिसतील आणि खरी वाटणी कोणती यावर घरात भांडण होईल.

या मांडणीत प्रत्येक ब्लॉकच्या ६ वाटण्या होतात, सहा ब्लॉक मिळून ४६,६५६. समतोलही आहे आणि भरवसा मोजायला जागाही आहे.

चारऐवजी दोन-दोनच्या जोड्या केल्या तर जुळणी आणखी घट्ट होते. १२ जोड्या, प्रत्येकीत छापा-काटा, एकूण ४,०९६ वाटण्या. दोन आठवड्यांच्या छोट्या प्रयोगाला मी जोड्याच घेईन. पण दोन महिन्यांत एखादी म्हैस आजारी पडून आटू शकते, आणि जोडीतली एक गेली की जोडीचा हिशेब म्हणून दुसरीही जाते. चारच्या ब्लॉकमध्ये एक गेली तरी तीन उरतात. गोठ्यावरच्या लांब प्रयोगाला म्हणून माझी पसंती चारला.

सॉल्व्हरचे काम वाया घालवायचे नसेल तर त्याचाही उपयोग आहे, पण निवडायला नव्हे, गाळायला. आधी लिहून ठेवा की कोणती वाटणी चालेल: दुधाच्या सरासरीत फरक ०.२ लिटरच्या आत, दिवसांच्या सरासरीत १० च्या आत, पहिलारू चार-चार. मग नुसत्या चिठ्ठीने वाटण्या काढत जा आणि नियमात बसणारी पहिली वाटणी घ्या. दिवसांचे विचलन ६० धरले तर ढोबळ हिशेबाने पन्नासात एखादी बसते. म्हणजे सत्तावीस लाखांतल्या पन्नास हजारांच्या आसपास उरतात, आणि तेवढ्या भरपूर झाल्या. नियम आधी ठरवायचा, पहिली बसणारी घ्यायची, आणि ‘अजून थोडी बरी मिळते का बघू’ म्हणत पुढे जायचे नाही. तसे करत राहिलात तर शेवटी सॉल्व्हरच्याच दारात पोचाल.

नियम फार कडक झाला का, ते तपासायची एक खूण आहे. नुसत्या चिठ्ठीत कोणत्याही दोन म्हशी एकाच गटात येण्याची शक्यता २३ ला ११, म्हणजे सुमारे ४८ टक्के असते. चालणाऱ्या हजारभर वाटण्या काढा आणि प्रत्येक जोडी किती वेळा एकत्र येते ते मोजा. एखादी जोडी ९५ टक्के वेळा एकत्र किंवा ९५ टक्के वेळा वेगळी येत असेल, तर त्या दोघींच्या बाबतीत चिठ्ठी नावापुरतीच उरली. बहुधा त्यांतली एक फार वेगळी असते, उदाहरणार्थ कळपात एकटीच १४ लिटर देणारी. तिला प्रयोगाबाहेर ठेवणे जास्त शहाणपणाचे.

तुमच्या दूध संस्थेने हाच प्रयोग आठ गावांत करायचे म्हटले, चार गावांत मिश्रण आणि चारांत नाही, तर हिशेब पार बदलतो. आठातून चार निवडण्याचे प्रकार अवघे ७०. त्यांतल्या समतोल वाटल्या म्हणून १४ च ठेवल्या, तर निकाल कितीही जोरदार आला तरी दोन्ही बाजूंनी पाहता योगायोगाची शक्यता २/१४, म्हणजे १४ टक्क्यांच्या खाली दाखवता येत नाही. नेहमीची ५ टक्क्यांची रेघ गाठायला निदान ४० वाटण्या शिल्लक हव्यात. गावे कमी असताना जुळणीची गरज सर्वांत जास्त असते आणि ती परवडते सर्वांत कमी. अशा वेळी दुधाचा फॅट, जनावरांची संख्या, बागायत किती असल्या दहा गोष्टी जुळवत बसू नका. आधीच्या वर्षाचे सरासरी संकलन या एकाच गोष्टीवर जुळवा.

म्हशी वेगवेगळ्या घरांच्या असतील तरी असाच फरक पडतो. एका घरातल्या दोन म्हशींपैकी एकीला मिश्रण द्यायला सांगितले तर घरधनीण दुसरीलाही चिमूटभर घालते, आणि तिचे चूक आहे असेही म्हणता येत नाही. तिथे चिठ्ठी घरावर टाकावी लागते, म्हशीवर नाही. मग तुमच्याकडे २४ म्हशी नसून ९ किंवा १० घरे आहेत, एवढाच प्रयोगाचा आकार. एकाच गोठ्यातही हे लागू होते: मिश्रणाच्या १२ म्हशी एका दावणीला पंख्याखाली आणि बाकीच्या पत्र्याच्या बाजूला बांधल्या, तर तुम्ही मिश्रण मोजत नाही, पंखा मोजता. ब्लॉकमधल्या चारही म्हशी शेजारी-शेजारी बांधा आणि त्यांच्यातला क्रमही चिठ्ठीने लावा.

काही प्रयोगांत म्हशी एकदम हाताशी नसतात, जशा वितील तशा येतात. तिथे सगळी यादी समोर नसल्याने ब्लॉक पाडता येत नाहीत. अशा वेळी आलेली म्हैस ज्या गटात गेल्याने तोल सुधारेल त्या गटाकडे कल ठेवायचा, पण शंभर टक्के नाही. दहा चिठ्ठ्यांत आठ त्या गटाच्या आणि दोन दुसऱ्याच्या ठेवल्या की पुरते. ही रीत दवाखान्यांतल्या औषधांच्या चाचण्यांसाठी १९७४-७५ च्या सुमारास पुढे आली. दोन चिठ्ठ्या उलट ठेवायचे कारण एवढेच की पुढची म्हैस कुठे जाणार हे कुणाला आधी सांगता येऊ नये.

आता दोन महिन्यांनंतरचा हिशेब. ज्या रीतीने वाटले त्याच रीतीने तपासायचे. चारच्या ब्लॉकने वाटले असेल तर फरक ब्लॉकच्या आत काढा, मग सहा ब्लॉकच्या फरकांची सरासरी घ्या. मग कॉम्प्युटरवर त्याच सहा ब्लॉकमध्ये हजारो वेळा लुटुपुटूच्या चिठ्ठ्या टाकून पाहा की एवढा फरक किती वेळा येतो. २४ म्हशी एका ढिगात टाकून साधी टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी) लावली, तर जुळवून कमावलेला फायदा दिसतच नाही. चूक खोटीच मोठी दिसते आणि खरा फरकही ‘नाही’ ठरतो.

दुसरे म्हणजे प्रयोगाआधीचे दहा दिवसांचे दूध हिशेबात घ्या. आधीचे आणि नंतरचे दूध यांचा सहसंबंध ०.८ असेल, तर आधीचे दूध वजा जाता उरणारी अनिश्चितता मूळच्या ३६ टक्के राहते. म्हणजे २४ म्हशी जवळजवळ ६७ म्हशींचे काम करतात. जुळवाजुळवीतून जे मिळवायचे त्यातले बरेचसे या एका पायरीत मिळते. म्हणूनच सरासऱ्या तिसऱ्या दशांशापर्यंत जुळवण्यात रात्र घालवू नका, ब्लॉकनंतर उरलेला थोडा फरक हा हिशेब भरून काढतो. आणि गट पाडून झाल्यावर ‘दोन गटांत लक्षणीय फरक आहे का’ ही चाचणी लावू नका. चिठ्ठी तुम्हीच टाकलीत, फरक योगायोगानेच आलेला आहे. किती आहे तेवढे पाहा.

रोजच्या कामाचे थोडे. मोठ्या दुभत्या जनावराला मिनरल मिक्श्चर साधारण ५० ग्रॅम दिले जाते. ते सरकी पेंडीत कालवा, आणि साध्या गटाच्या पेंडीत तेवढाच भरडा घाला, म्हणजे धार काढणाऱ्याला घमेले पाहून गट ओळखता येणार नाही. ओळखला तर तो नकळत त्या म्हशीची धार थोडी जास्त वेळ पिळतो. मिश्रण सुरू केल्यावरचे पहिले दोन आठवडे दूध नोंदवा पण हिशेबात धरू नका. तुमच्याकडे उसाचे गाळप सुरू झाले की वैरणीत वाडे येतात, आणि वाड्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे मिश्रणाचा परिणाम त्या काळात वेगळा दिसू शकतो. दोन्ही गट एकाच वेळी चालू असल्याने तुलना बिघडणार नाही, पण वाडे कोणत्या तारखेपासून सुरू केले ते वहीत लिहा आणि सगळ्या म्हशींना एकाच दिवशी सुरू करा.

मधेच म्हैस आजारी पडली तर तिला औषधपाणी करा, तिचे दूध नोंदवत राहा आणि ती ज्या गटात होती त्याच गटात मोजा. तिच्या जागी दुसरी आणून बसवू नका.